साइटवरचे जेवण व्यवसायाच्या खर्चात धरता येते का?

जानेवारी जवळ आला, की ब्रिटनमध्ये स्वतःच्या नावावर व्यवसाय करणाऱ्या वाचकांची पत्रे एका ठरावीक विषयावर येऊ लागतात. तो विषय म्हणजे कामानिमित्त बाहेर असताना खाण्यापिण्यावर आणि मुक्कामावर झालेला खर्च. सेल्फ असेसमेंटचे, म्हणजे आपले उत्पन्न आणि कर स्वतःच कळवण्याचे, विवरणपत्र ऑनलाइन भरण्याची मुदत 31 जानेवारी असते, वर्षभराच्या पावत्यांचा गठ्ठा समोर असतो, आणि त्यांतल्या बऱ्याचशा सँडविच आणि कॉफीच्या निघतात. खालील उत्तरे सोल ट्रेडर (कंपनी न काढता स्वतःच्या नावावर व्यवसाय करणारे) म्हणून एचएमआरसी या ब्रिटनच्या करखात्याकडे नोंद असलेल्या वाचकांसाठी आहेत. स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून किंवा अम्ब्रेला कंपनीमार्फत (कंत्राटी कामगारांना आपले कर्मचारी म्हणून पगारावर ठेवणाऱ्या मध्यस्थ कंपनीमार्फत) काम करणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत, आणि या नियमांची सरमिसळ हेच बहुतेक घोटाळ्यांचे मूळ असल्याचे पत्रांवरून दिसते.

प्रश्न : मी इलेक्ट्रिशियन असून लेस्टरला राहतो आणि सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून आसपासच्या बांधकामांवर काम करतो. एका साइटवर तीन-चार आठवडे काम चालते, मग दुसरी साइट. दुपारचे जेवण साइटजवळच विकत घ्यावे लागते. माझ्यासारखेच काम करणारे एक मित्र रोजचे 10 पौंड जेवणखर्च म्हणून दाखवतात आणि त्याला पावतीही लागत नाही, असे सांगतात. मलाही तसे करता येईल का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : नाही. आपल्या मित्रांना ते करता येत असेल, तर ते बहुधा स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून काम करत असावेत. त्याविषयी पुढे लिहितो, पण आधी आपल्या बाबतीत नियम काय आहे ते पाहू.

सोल ट्रेडरच्या खर्चाचा पाया 'इन्कम टॅक्स (ट्रेडिंग अँड अदर इन्कम) ॲक्ट 2005' या कायद्याच्या कलम 34 मध्ये आहे. जो खर्च संपूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झाला असेल, तोच नफ्यातून वजा करता येतो. खर्चामागे दोन हेतू असतील आणि त्यांतला व्यवसायाचा भाग नेमका वेगळा काढता येत असेल, तर तेवढा भाग मिळतो. मोबाइलच्या बिलाचे असे भाग पाडता येतात. जेवणाचे ते पाडता येत नाहीत, कारण दुपारी भूक लागते ती माणसाला. त्या वेळी तो साइटवर असो वा घरी, जेवण त्याला लागणारच असते.

आपला प्रश्न जवळपास जशाच्या तशा स्वरूपात 1975 साली हायकोर्टात गेला होता. केलबॉट विरुद्ध क्विन या नावाने तो खटला ओळखला जातो. त्यातील करदाता स्वतःचा व्यवसाय करणारा सुतार होता आणि घरापासून 40 मैलांच्या परिघातील निरनिराळ्या साइटवर काम करत असे. घरी जेवले तर त्याला 10 पेन्स खर्च येई, साइटवर असताना 40 पेन्स. त्याने मधल्या 30 पेन्सची वजावट मागितली. मागणी वाजवी वाटते, कारण तो जास्तीचा खर्च कामामुळेच होत होता. तरीही न्यायालयाने ती नाकारली. माणूस जगण्यासाठी जेवतो, काम करण्यासाठी नव्हे, आणि बाहेरचे जेवण महाग पडले म्हणून त्यातला जास्तीचा भाग व्यवसायाचा ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे 1983 साली एका महिला बॅरिस्टरने कोर्टात घालायच्या काळ्या कपड्यांचा खर्च मागितला, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सनेही, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च न्यायपीठानेही, याच विचाराने तो नाकारला. कपडे ऊब आणि सभ्यता यांसाठीही असतात, मग त्या वेळी नेसणाऱ्याच्या मनात केवळ व्यवसाय का असेना, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले.

यात गोंधळ होतो तो प्रवासामुळे. आपल्यासारख्या फिरत्या कारागिरांना घरापासून साइटपर्यंतच्या प्रवासाचा खर्च बहुधा मिळतो; 1971 मधील हॉर्टन विरुद्ध यंग या खटल्यात अपील न्यायालयाने एका गवंड्याचे घर हेच त्याच्या व्यवसायाचे ठिकाण मानले आणि तिथून निरनिराळ्या साइटपर्यंतचा गाडीखर्च मान्य केला. मग प्रवास चालतो तर जेवण का नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. प्रवासखर्च मान्य होणे ही जेवणासाठी पहिली पायरी आहे, पण तेवढी पुरत नाही. वरील 2005 च्या कायद्यात 2009 साली कलम 57ए घालण्यात आले आणि जेवणाच्या वाजवी खर्चासाठी दोन अटी ठेवण्यात आल्या. पहिली अशी, की त्या ठिकाणापर्यंतचा प्रवासखर्च वजावटीला पात्र असला पाहिजे. दुसरी अशी, की एकतर व्यवसाय स्वभावतःच फिरता असला पाहिजे, किंवा त्या ठिकाणी जाणे क्वचितच घडणारे आणि नेहमीच्या फेरीत न बसणारे असले पाहिजे. फिरत्या व्यवसायाचे एचएमआरसीचे ठरलेले उदाहरण म्हणजे गावोगाव हिंडणारा विक्रेता.

सबकॉन्ट्रॅक्टरचे काम 'फिरते' मानावे असा युक्तिवाद काही जण करतात, आणि रोज नव्या पत्त्यावर जाणाऱ्यांच्या बाबतीत त्यात थोडे बळही आहे. मात्र एका साइटवर तीन-चार आठवडे काम करणाऱ्याची स्थिती मला त्या सुताराहून फारशी वेगळी दिसत नाही, त्यामुळे रोजचे जेवण आपण दाखवू नये असेच मी सांगेन. याउलट एखाद्या दिवशी अचानक न्यूकॅसलला बिघाड दुरुस्तीसाठी जावे लागले आणि वाटेत जेवलात, तर त्या दिवसाचा वाजवी खर्च निःशंकपणे धरावा. तेव्हा पावतीच्या मागे साइटचा पत्ता आणि काम लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. नुसत्या 'मील डील, 4 पौंड' अशा पावतीवरून दोन वर्षांनी कोणालाच काही सिद्ध करता येत नाही.

आता आपल्या मित्रांविषयी. कंपनीचा संचालक कराच्या दृष्टीने त्या कंपनीचा कर्मचारी असतो. कर्मचारी तात्पुरत्या कामाच्या ठिकाणी गेला, तर मालक त्याला एचएमआरसीच्या ठरावीक दराने जेवणभत्ता करमुक्त देऊ शकतो : किमान 5 तास बाहेर असल्यास 5 पौंडांपर्यंत, 10 तास असल्यास 10 पौंडांपर्यंत, आणि 15 तास असून प्रवास रात्री आठनंतरही चालू असल्यास 25 पौंडांपर्यंत. त्यातही प्रवास खरोखर झाला पाहिजे आणि निघाल्यानंतर खाण्यावर खर्च झाला पाहिजे. घरून डबा नेला तर काहीच देता येत नाही. हे दर सोल ट्रेडरला वापरता येत नाहीत. आपल्यासाठी जे ठोक दर आहेत, ते वाहनाचे मैल, घरातून केलेले काम आणि व्यवसायाच्याच जागेत राहणे एवढ्यांपुरते आहेत. त्यांत जेवण कुठेच नाही.

प्रश्न : मी रेडिंगला राहते आणि माहिती तंत्रज्ञान सल्लागार म्हणून सोल ट्रेडरच्या नात्याने काम करते. एडिंबरोमधील एका ग्राहकाचे सहा महिन्यांचे काम मिळाले असून दर आठवड्याला चार रात्री तिथे राहावे लागते. सध्या हॉटेलात उतरते. हॉटेलचे भाडे, संध्याकाळचे जेवण आणि नाश्ता हे सर्व दाखवता येईल का? हॉटेलपेक्षा छोटा फ्लॅट भाड्याने घेणे स्वस्त पडेल, आणि मग अधूनमधून शनिवार-रविवारी घरची मंडळीही येऊ शकतील.
– एक वाचक, रेडिंग

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर आपल्या बाजूने आहे. व्यवसायाच्या कामासाठी घरापासून दूर एक किंवा अधिक रात्री राहावे लागले, तर हॉटेलचे वाजवी भाडे आणि त्या मुक्कामातील वाजवी जेवणखर्च एचएमआरसी मान्य करते. येथेही आधी प्रवास पात्र असावा लागतो. आपला व्यवसाय घरातून चालत असेल, इतर ग्राहकांची कामेही तिथूनच होत असतील आणि एडिंबरोचे काम मुदतीचे असेल, तर प्रवासाबाबत मला अडचण दिसत नाही. चिंता सुरू होते ती सहा महिन्यांचे काम वाढत वाढत दोन-तीन वर्षांवर गेले की. कर्मचाऱ्यांसाठी 24 महिन्यांचा नियम आहे : काम एकाच ठिकाणी त्याहून जास्त काळ चालणार असेल, तर ते ठिकाण तात्पुरते मानले जात नाही. तो सोल ट्रेडरला लागू नाही, म्हणून काही जण निर्धास्त राहतात. परंतु नियम लागू नाही याचा अर्थ मर्यादा नाही असा होत नाही. समादियन या डॉक्टरांच्या 2014 मधील खटल्यात अपर ट्रिब्युनल या वरिष्ठ अपील न्यायाधिकरणाने असे ठरवले, की घरी कार्यालय असले तरी, जिथे नियमितपणे आणि ठरलेल्या वेळी व्यवसाय चालतो, अशा ठिकाणी घरून जाण्याचा खर्च वजावटीला पात्र नाही. एडिंबरोचे कार्यालय हेच आपल्या व्यवसायाचे नेहमीचे ठिकाण बनले, तर प्रवास, मुक्काम आणि जेवण तिन्ही एकदमच हातचे जातात.

फ्लॅटविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपण दिलेले शेवटचे कारणच आपल्याला महागात पडू शकते. भाड्याची जागा हॉटेलऐवजी घेतली एवढ्यानेच वजावट जात नाही, आणि स्वस्त पडत असेल तर तो आपल्या बाजूचाच मुद्दा आहे. पण कलम 34 मधील 'केवळ' ही अट जागा घेण्याच्या हेतूलाही लागू होते. टिम हीली या अभिनेत्याने लंडनमधील नाटकाच्या कामासाठी तिथे तीन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घेतला होता. पहिल्या फेरीत निकाल त्यांच्या बाजूने लागला, अपर ट्रिब्युनलने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले, आणि 2015 साली वजावट नाकारण्यात आली, कारण भेटीला येणाऱ्यांची सोय व्हावी हाही जागा निवडण्यामागचा एक हेतू होता असे न्यायाधिकरणाला आढळले. मोठी जागा घेण्यामागे असा दुसरा हेतू असला, की भाड्याचे भाग पाडून अर्धे मिळते असे नाही, सगळेच जाते.

म्हणून फ्लॅट घ्यायचाच असेल, तर एकट्या माणसाला पुरेल एवढा घ्यावा, कामाच्या मुदतीइतकाच करार करावा आणि त्या भागातील हॉटेलांचे त्या काळातील दर जपून ठेवावेत, म्हणजे निवड खर्चाच्या हिशेबाने झाली हे दाखवता येईल. एखाद्या रविवारी घरचे भेटून गेले, तर तेवढ्याने दावा कोलमडत नाही. जागा घेताना तो हेतू होता की नाही हे पाहिले जाते. पत्रात आपण तो हेतू स्वतःच लिहून दिला आहे, तेव्हा सध्याच्या विचाराने मी हॉटेलच बरे म्हणेन.

जेवणाच्या 'वाजवी' खर्चाचा आकडा कायद्यात दिलेला नाही. साधे दोन वेळचे जेवण आणि नाश्ता यांवर कोणी हरकत घेत नाही. दर गुरुवारी चार सहकाऱ्यांचे बिल आपणच भरत असाल, तर त्यांच्या वाट्याची रक्कम वेगळी काढावी; ग्राहकांच्या पाहुणचाराचा खर्च वजावटीला अजिबात पात्र नसतो, मग त्यातून कितीही काम मिळालेले असो.

प्रश्न : ज्या ठेकेदाराकडे मी काम करतो, तो बाहेरगावच्या साइटसाठी रोजचे 35 पौंड वेगळे देतो. ही रक्कम मजुरी नसून भत्ता असल्यामुळे तिच्यावर कर लागू नये, असे मला वाटते. तरीही त्याने त्यातून 20 टक्के कापले.
– एक वाचक, ब्रॅडफर्ड

उत्तर : ठेकेदाराने केले ते बरोबर आहे. कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री स्कीम या योजनेखाली बांधकामाचा ठेकेदार सबकॉन्ट्रॅक्टरला पैसे देतानाच करापोटी कपात करतो. तीत साहित्याची किंमत वगळून कपात होते, पण प्रवास आणि जेवणमुक्काम यांपोटी दिलेली रक्कम वगळता येत नाही. ती मजुरीबरोबरच धरली जाते. नोंद असलेल्या सबकॉन्ट्रॅक्टरसाठी हा दर 20 टक्के आणि नोंद नसल्यास 30 टक्के आहे. कापलेली रक्कम बुडत नाही, ती वर्षअखेरीच्या कराच्या हिशेबात जमा धरली जाते.

विवरणपत्रात हे 35 पौंड संपूर्णपणे उत्पन्नात दाखवावे लागतात. त्यांना बिलावर भत्ता म्हटले, खर्चाची भरपाई म्हटले किंवा वेगळ्या बँक हस्तांतराने दिले, तरी सोल ट्रेडरच्या हातात ते व्यवसायाचे उत्पन्नच असते. दुसऱ्या बाजूला आपला खरोखर झालेला आणि वर सांगितलेल्या अटींत बसणारा खर्च वजा करता येतो. बाहेरगावी मुक्काम करून खोली आणि जेवण यांवर 31 पौंड खर्च झाले असतील, तर उरलेल्या 4 पौंडांवर कर बसेल. रोज घरी परतत असाल आणि जेवण अपात्र ठरत असेल, तर प्रवासखर्च वजा करून उरलेल्या सगळ्या रकमेवर बसेल. असा भत्ता मंजूर करून घेताना कराचा भाग लक्षात घेऊनच दर बोलावा, कारण हातात येणारे 35 पौंड नेहमी 35 राहत नाहीत.

आपण व्हॅटसाठी नोंदणीकृत असाल, तर आणखी एक गोष्ट. ग्राहकाकडून वसूल केलेला आपला प्रवास-मुक्काम हा आपल्या सेवेच्या किमतीचाच भाग ठरतो आणि सेवेचाच व्हॅट त्यावर लागतो. रेल्वेच्या तिकिटावर मुळात व्हॅट नव्हता, ही सबब येथे चालत नाही.

प्रश्न : माझा स्वतःचा ट्रक आहे आणि लांब पल्ल्याचा माल वाहतो. रात्री केबिनमध्येच झोपतो, त्यामुळे हॉटेलची पावती कधीच नसते. जेवणाचा खर्च धरता येईल का?
– एक वाचक, कॉव्हेन्ट्री

उत्तर : येईल. रात्र घरापासून दूर काढलेली असली, की हॉटेलऐवजी केबिनमध्ये झोपणाऱ्या लांब पल्ल्याच्या चालकांचा जेवणखर्च एचएमआरसी मान्य करते. नोकरीत असलेल्या चालकांना रात्रीमागे जो ठरावीक करमुक्त भत्ता देता येतो, तो आपण वापरू नये. प्रत्यक्ष झालेला खर्चच दाखवावा. टॅकोग्राफच्या (ट्रकच्या चालण्या-थांबण्याची नोंद करणाऱ्या यंत्राच्या) नोंदी जपून ठेवाव्यात, कारण त्या रात्री गाडी कुठे उभी होती याचा त्याहून चांगला पुरावा आपल्याकडे दुसरा नसेल.

प्रश्न : मी रंगकाम करतो. गेली दोन वर्षे, कोणीतरी सांगितले म्हणून, कामाच्या प्रत्येक दिवसाचे 5 पौंड जेवणखर्च विवरणपत्रात दाखवत आलो आहे. प्रत्यक्षात डबा घरूनच नेतो. आता काय करावे?
– एक वाचक, स्लाव

उत्तर : दुरुस्त करावे, आणि एचएमआरसीचे पत्र येण्याची वाट पाहू नये.

प्रथम रक्कम किती आहे ते पाहू. वर्षाला 220 दिवस धरले, तर वजावट 1,100 पौंडांची होते. आपले उत्पन्न 20 टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर त्यावर 20 टक्के आयकर आणि 2024-25 पासूनच्या 6 टक्के दराने वर्ग 4 चा नॅशनल इन्शुरन्स (स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांनी नफ्यावर भरायची सामाजिक विम्याची वर्गणी) मिळून 286 पौंड कर कमी भरला गेला. त्याच्या आधीच्या वर्षी वर्ग 4 चा दर 9 टक्के होता, त्यामुळे त्या वर्षाची रक्कम थोडी जास्त येईल. रक्कम फार मोठी नाही, पण घरून नेलेल्या डब्याचा खर्च विकत घेतलेल्या जेवणाच्या नावाने दाखवणे ही केवळ आकडेमोडीची चूक मानली जात नाही.

विवरणपत्राच्या मुदतीनंतर बारा महिन्यांपर्यंत ते स्वतःच सुधारता येते. 2024-25 च्या विवरणपत्राची मुदत 31 जानेवारी 2026 होती, म्हणून त्यातील दुरुस्ती 31 जानेवारी 2027 पर्यंत करता येईल. ज्या वर्षाची ही मुदत उलटली असेल, त्यासाठी एचएमआरसीला स्वतःहून कळवून फरकाची रक्कम व्याजासह भरावी. निष्काळजीपणामुळे कमी भरलेल्या करावर 30 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, परंतु चौकशी सुरू होण्याआधी आपणहून सांगितल्यास तो बराच कमी होतो, अनेकदा शून्यावरही येतो. गप्प राहिल्यास निष्काळजीपणाच्या प्रकरणात एचएमआरसीला सहा वर्षांपर्यंत, आणि जाणूनबुजून केल्याचे ठरल्यास वीस वर्षांपर्यंत मागे जाता येते.

दुरुस्ती करताना आपल्याला जे मिळू शकते ते राहून गेले आहे का, हेही पाहावे. ब्रश, रोलर, शिडी, संरक्षक कपडे, निरनिराळ्या घरांपर्यंतचे व्हॅनचे मैल, सार्वजनिक दायित्वाचा विमा, फोनच्या बिलातील व्यवसायाचा भाग हे सर्व पात्र आहे, आणि पाच-पाच पौंड जमवण्याच्या नादात रंगाऱ्यांच्या विवरणपत्रातून नेमके मैलच सुटलेले मी पाहिले आहेत. आपल्याकडे त्या दोन वर्षांची कामांची डायरी असेल, तर तारखा आणि पत्ते यांवरून ते मैल आजही काढता येतील, आणि कदाचित जेवणामुळे वाढणारा कर त्यातच भरून निघेल. वर्षाची उलाढालच फार लहान असून एकूण खरा खर्च 1,000 पौंडांहून कमी भरत असेल, तर खर्च दाखवण्याऐवजी 1,000 पौंडांचा ट्रेडिंग अलाउन्स, म्हणजे सरसकट मिळणारी वजावट, घेणे सोपे पडेल. दोन्ही एकत्र घेता येत नाहीत.

कागदपत्रे त्या वर्षाच्या 31 जानेवारीच्या मुदतीनंतर पाच वर्षे ठेवावी लागतात. मोबाइलवर काढलेला स्पष्ट फोटो चालतो, त्यामुळे पावतीची शाई उडून जाण्याआधी तो काढून ठेवावा. ज्यांचे स्वतःच्या व्यवसायाचे आणि घरभाड्याचे मिळून ढोबळ उत्पन्न 50,000 पौंडांहून जास्त आहे, त्यांना 6 एप्रिल 2026 पासून नोंदी डिजिटल स्वरूपातच ठेवून दर तिमाहीला एचएमआरसीला कळवाव्या लागतात, आणि ही मर्यादा 2027 च्या एप्रिलपासून 30,000 पौंडांवर येणार आहे. आपले उत्पन्न त्या मर्यादेत येणार असेल, तर दुरुस्तीबरोबरच नोंदींची नवी पद्धतही लावून घ्यावी.